पाचवा खडा

३ मार्च, सोमवार

कळंबला तीन दिवस प्रशिक्षण झालं. विषय, मूल्यशिक्षण आणि विद्यार्थ्यांचं मानसिक आरोग्य. शेवटच्या दिवशी तिथल्या बाई म्हणाल्या, रोज डायरी लिहा, मनात येईल ते लिहा, कुणी वाचणार नाही. कुणी वाचणार नाही म्हणतात म्हणून खरं लिहितो. मला हे सगळं थोतांड वाटतं. प्रामाणिकपणा काय पस्तीस मिनिटांच्या तासिकेत शिकवायची गोष्ट आहे? अठ्ठावीस वर्षं गणित शिकवतोय. गणितात उत्तर चुकलं की चुकलं. इथं उत्तर काय आणि ताळा कसा करायचा, हे त्या बाईंनाही सांगता येईना.

तासिका माझ्या गळ्यात पडली, कारण मुख्याध्यापक राजपाल सरांनी वेळापत्रक पुढं सरकवलं आणि म्हणाले, "महारुद्र सर, तुमचेच दोन तास रिकामे आहेत." म्हणजे मूल्यं आहेत म्हणून नव्हे, वेळ आहे म्हणून. वर सहावीच्या वर्गशिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, तेव्हा सहावीची हजेरीही माझ्याकडंच.

घरी सांगितलं तर दीपमाला पदर तोंडाला लावून हसली. "राग कसा आवरायचा हे बी शिकवायचंय का त्यात? मग मी येऊन बसते मागच्या बाकावर." बायकोनं एवढं म्हटल्यावर माणसानं डायरीच लिहावी.

६ मार्च, गुरुवार

सहावीत तेवीस पोरं. त्यातली शिवांजली जूनपासून शाळेत एक शब्द बोललेली नाही. गणिताच्या तासाला मी तिला पाहत होतोच, पण गप्प पोर म्हणजे आमच्या दृष्टीनं चांगली पोर. आता वर्गच माझा झाला म्हणून चौकशी केली. गेल्या चैत्रात येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा झाली आणि चौथ्या दिवशी तिथून परत येताना तिचा बाप हायवेवर अपघातात गेला. मोटारसायकलवर होता. त्यानंतर घरी आईशी कुजबुजते म्हणे, पण शाळेत तोंडाला कुलूप. अक्षर मात्र मोत्यासारखं.

हजेरीत तिचा नंबर आला की वर्गातून दुसरंच कुणीतरी "हजर" म्हणतं. आज चैताली म्हणाली, काल नंदीश, परवा आणखी कोण. मी वर बघतो तोवर सगळे भोळे चेहरे करून बसलेले. मस्करी चाललीय, दुसरं काय.

आणि या वर्गाला हल्ली प्रश्नांची साथ आलीय. रणधीरसारखा हुशार पोरगा, ज्याला भागाकार झोपेत येतो, तो उठून विचारतो, "सर, अपूर्णांकानं भागताना तो उलटा का करायचा?" म्हटलं, करायचा म्हणजे करायचा, परीक्षेत कारण विचारत नाहीत. बसला. बसताना शेजारी बघून त्यानं मान हलवली, नाही मिळालं अशी.

११ मार्च, मंगळवार

आज मूल्यशिक्षणाचा पहिला तास. प्रामाणिकपणा. पुस्तिकेतली गोष्ट सांगितली, पोरांनी ऐकली, कुणाला काही झालं नाही. मग मी म्हटलं, गोष्टी पुरे. उद्यापासून हजेरीत कुणी दुसऱ्यासाठी हजर म्हणायचं नाही. ते खोटं बोलणं आहे. जो स्वतःच्या तोंडानं बोलणार नाही, त्याची गैरहजेरी लागेल.

युवराज, म्हणजे वर्गातला एक नंबरचा वात्रट, उठून म्हणाला, "सर, पण ती हाय की इथं. दिसतीय की." मी म्हटलं, बस खाली.

खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात शिवांजलीचं भलंच होतं. तिच्यासाठी सगळे बोलतात म्हणून ती बोलत नाही. एकदा गैरहजेरी लागली, जिद्द आली, की बोलेल. माझ्या बापानं मला असंच पोहायला शिकवलं, आमच्या गावच्या, सोनारीच्या विहिरीत ढकलून. आलं की नाही पोहायला?

१७ मार्च, सोमवार

बोलली नाही. बुधवार, होळी-धुळवडीच्या सुट्टीनंतर शनिवार आणि आज, तीन वेळा तिच्या नावापुढं गैरहजेरीची खूण केली. ती समोर बसून माझ्या पेनाकडं बघत होती. तिसऱ्या वेळेला माझा हात जरा जड झाला, पण नियम केला तर पाळायला नको का? सलग तीन गैरहजेऱ्या झाल्या की घरी फोन जातो, तो कार्यालयातून जाईल. तोवर तिला न विचारता हजर लावतो.

युवराजनं आज विचारलं, "सर, शून्यानं भागलं तर का चालत न्हाय?" ज्याला सातचा पाढा येत नाही त्यानं हे विचारावं. चेष्टा करतोस का म्हणून उभा केला तास संपेपर्यंत.

१९ मार्च, बुधवार

आज माझा तोल गेला. ते लिहायलाच पाहिजे.

मूल्यशिक्षणाचा तास, विषय एकाग्रता. सगळे डोळे मिटून बसलेले आणि नंदीश मुठीत काहीतरी घट्ट धरून बसलेला. काय आहे म्हटलं. "खडा हाय सर." कशाला? "आज माझ्याकडं हाय." गेल्या पंधरवड्यात हे तिसरं पोर, ज्याच्या हातात पांढरा खडा दिसला. कधी चैतालीच्या, कधी युवराजच्या. म्हटलं, पैज लावून खेळताय काय? दे इकडं. देईना. मूठ उघडायला लावली तर हरभऱ्याच्या घाट्यापेक्षा जरा मोठा चुनखडीचा खडा, एका बाजूला दातासारखं टोक आलेलं. मी तो खिडकीतून माळावर भिरकावला.

नंदीश रडायला लागला, एवढा दांडगा पोरगा. शिवांजली खिडकीकडं बघत राहिली. नंतर तिनं बाकावर डोकं टेकलं ते घंटा होईपर्यंत उचललं नाही. झोप झाली नसेल.

या माळावर चुनखडीला काय तोटा आहे? पाऊल ठेवाल तिथं खडा. एका खड्यासाठी एवढं रडणं मला कळलं नाही.

२२ मार्च, शनिवार

तीन दिवस मधल्या सुट्टीत सहावीची पोरं खिचडी अर्धी टाकून माळावर रांगताहेत. रांगताहेत म्हणजे अक्षरशः गुडघ्यावर. एक खडा उचलतात, निरखतात, ठेवतात. मी हाकलून लावलं, दुसऱ्या बाजूनं परत आली.

दीपमालाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "तुमी विचारलं का त्यांना, काय हुडकताय म्हणून?" मी म्हटलं, विचारायचं काय त्यात. ती गप्प बसली. ती गप्प बसली की मला जास्त राग येतो.

२४ मार्च, सोमवार

राजपाल सर सांगत होते, शिवांजलीच्या आजोबांना, हरिबांना, फोन केला होता. म्हातारा हादरलाय. पोरगी रोज दप्तर घेऊन घरातून निघते, मग शाळेत नसते तर जाते कुठं? पाडवा झाला की दाखला न्यायला येतो म्हणाला. उमरग्याला तिच्या आत्याची खानावळ आहे, तिथं ठेवणार, भांडीकुंडी करील.

राजपाल सरांनी मला विचारलं, "आजारी होती का ती?" मी म्हटलं, बघतो. ती समोर बसलेली असताना मी गैरहजर लावलं, हे माझ्या तोंडातून निघालं नाही. प्रामाणिकपणाचा तास मीच घेतला होता.

२६ मार्च, बुधवार

शाळा सुटल्यावर चैतालीला थांबवलं. तिला म्हटलं, मी रागावणार नाही, काय चाललंय ते सांग. तिनं माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मी खरंच रागावणार नाही का, ते तपासत असावी. मग दप्तरातून वही काढली आणि सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहितो.

चैत्र पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी देवीची पालखी निघते, तेव्हा चुनखडीच्या रानात लोक पाच पाच खडे वेचतात आणि ढिगावर टाकतात, हे मला ऐकून माहीत आहे. अकरा वर्षं या गावात आहे, पण गर्दी नको म्हणून कधी गेलो नाही. गेल्या वर्षी शिवांजली बापाबरोबर गेली होती. तिनं पाच खडे वेचले, चार टाकले. पाचवा तिला आवडला. दातासारखं टोक होतं, ते तिच्या पडलेल्या दातासारखं दिसत होतं. तिनं तो खिशात ठेवला, बापाला सांगितलं नाही. चौथ्या दिवशी बाप गेला.

पोरीला वाटलं, आपण देवीचा खडा ठेवून घेतला म्हणून.

हे तिनं जुलैत चैतालीच्या वहीवर लिहून दाखवलं. फेकायची भीती, ठेवायची भीती. खडा सतत मुठीत. तळहाताला जखम झाली होती. मग या पोरांनी ठरवलं, की पुढच्या यात्रेपर्यंत तो सगळ्यांनी सांभाळायचा, रोज एकानं. एकटीकडं नको. यात्रेला सगळ्यांनी मिळून जायचं आणि टाकायचा. वहीच्या शेवटच्या पानावर बावीस नावं होती, फिरून फिरून, जुलैपासून. ज्याच्याकडं खडा, त्यानं त्या दिवशी तिच्या शेजारी बसायचं, तिच्याबरोबर जेवायचं, हजेरीला तिच्यासाठी बोलायचं. आणि तिनं पाटीवर लिहिलेला प्रश्न सरांना विचारायचा.

मी म्हटलं, "कसला प्रश्न?"

"गणितातला, सर. तिला लई प्रश्न पडतात. अपूर्णांक उलटा का करायचा ते तिचंच हुतं. शून्याचं बी."

अठ्ठावीस वर्षांत मला कुणी विचारले नाहीत असे प्रश्न ते. एकाला परीक्षेत नाही म्हणून उडवलं आणि दुसऱ्यासाठी पोराला उभं केलं. युवराज तासभर उभा राहिला आणि तिचं नाव सांगितलं नाही.

चैतालीचं घर बौद्ध, त्यांच्यात देवीची यात्रा नाही. तिला विचारलं, तुझं नाव कसं या यादीत? ती म्हणाली, "खडा देवीचा न्हाय सर, शिवांजलीचा हाय."

मला का नाही सांगितलं, हेही विचारलं. ती म्हणाली, "तुमी रागावता." खरं आहे.

आत्ता शाळेत कुणी नाही. शिपाई किल्ल्या वाजवत दारात उभा आहे आणि मी अजून लिहितोय. अकरा-बारा वर्षांची पोरं. त्यांना कुणी प्रशिक्षण दिलं नाही, पुस्तिका दिली नाही. माझ्या नाकासमोर आठ महिने हे चाललं होतं आणि मी त्याला मस्करी समजलो. मला भीतीच वाटायला लागलीय त्यांची. देवळाच्या गाभाऱ्यात शिरताना वाटते तशी.

२८ मार्च, शुक्रवार

काल आणि आज मीही माळावर रांगलो. गुडघे सुजलेत. पोरं आधी बिचकली, मग सरकून जागा दिली. रणधीरनं माळाचे चौकोन पाडलेत, एकेक चौकोन संपवून पुढं जायचं. दातासारखी टोकं असलेले नऊ खडे मिळाले. तो मिळाला नाही.

शेवटी मी चैतालीला बाजूला घेतलं आणि म्हटलं, यातलाच एक देऊ तिला, कुणाला कळणार आहे. तिचं समाधान होईल.

ती म्हणाली, "तिला न्हाय कळलं सर, तरी आमाला म्हाईतच ऱ्हाईल."

एवढंच. रागानं नाही, अगदी साधं. नंदीशही मान हलवत होता. मी हातातले नऊच्या नऊ खडे खाली ठेवले. मूल्यशिक्षणाचा शिक्षक मी, आणि ताळा ही पोरं करून दाखवतात.

मंगळवारी हरिबा येणार. मी सगळं खरं सांगणार. दीपमालाला आज पहिल्यापासून सांगितलं. ती रडली. मग म्हणाली, "सांगताना अडखळाल तुमी. सवय न्हाय तुमाला." मी म्हटलं, बोलणं हाच माझा धंदा आहे.

१ एप्रिल, मंगळवार

हरिबा पहिल्याच तासाला आले. दारात चपला काढल्या, पटका सारखा केला, आत आले. सगळा वर्ग उभा राहिला.

"गुर्जी, दाखला द्या. पोरगी रोज निघती आन तुमी म्हनता येत न्हाय. बाप न्हाय तिला. उद्या काय इपरीत झालं तर म्या तिच्या आईला काय सांगू? बोलत बी न्हाय ती इथं. मंग शाळंत ठिवून काय करायची?"

मी हजेरी उघडली. त्या तीन खुणांवर बोट ठेवलं. सांगायचं होतं ते पाठ केलं होतं, ही शाळेत होती, मी खोटं लिहिलं, माझं चुकलं. तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. तेवीस पोरं बघताहेत, म्हातारा बघतोय. पोरांसमोर 'माझं चुकलं' असं मी जन्मात म्हटलेलं नाही. शब्द इथवर यायचा आणि परत जायचा. हिला असंच होत असेल, रोज, जूनपासून. आणि मी हिच्या नावापुढं खुणा करत होतो.

"बोला की गुर्जी," हरिबा म्हणाले.

मागं बाक सरकल्याचा आवाज आला. शिवांजली उठली. चालत आली आणि माझ्या खुर्चीच्या शेजारी येऊन उभी राहिली, अगदी लागून. ती पोरं तिच्या शेजारी बसतात तशी.

मग म्हणाली, "सर हजर."

आवाज घोगरा होता, फुटका. मी तो आज पहिल्यांदा ऐकला. युवराजचं तोंड उघडं राहिलं होतं.

हरिबा मटकन खाली फरशीवरच बसले. ती त्यांच्याकडं वळून म्हणाली, "आन मी बी हजर हुते, आबा. रोज."

त्यानंतर मला बोलता आलं. सगळं सांगितलं, खड्यापर्यंत. कोणत्या शब्दांत ते आठवत नाही. हरिबा दाखल्याचं काही बोलले नाहीत. नातीच्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ बसले, आणि जाताना मला म्हणाले, "गुर्जी, तिचा बाप बी गुमानच असायचा. पन येळंला बोलायचा."

तिन्ही गैरहजेऱ्या लाल शाईनं खोडून हजर केल्या, खाली सही केली. राजपाल सरांना कारणही लिहून दिलं. त्यांनी वाचलं आणि धाराशिवच्या समुपदेशक बाईंना फोन लावला, पोरीला पुढच्या आठवड्यात दाखवायचंय. हे मी जूनमध्ये करायला हवं होतं.

ती दिवसभर पुन्हा बोलली नाही. पण शेवटच्या तासाला अपूर्णांक उलटा का करायचा ते मी सांगितलं. भाकरीचे तुकडे काढून दाखवले. मला स्वतःलाच ते आधी दोन दिवस घरी बसून समजून घ्यावं लागलं. ती पुढं वाकून बघत होती.

१३ एप्रिल, रविवार

आज चुनखडी वेचायला गेलो. एवढी माणसं मी आयुष्यात एका जागी पाहिली नव्हती. धूळ, हलगी, आणि जिकडं बघावं तिकडं वाकलेली माणसं. सहावीची एकोणीस पोरं आली होती. चैताली पण आली, वही घेऊन.

शिवांजलीनं पाच खडे वेचले. ढिगाजवळ उभी राहून एकेक टाकला, मोठ्यानं मोजत, एक, दोन, तीन, चार. पाचव्याला थांबली. सगळी पोरं थांबली, मीही. मग "पाच" म्हणून टाकला आणि फ्रॉकचे दोन्ही खिसे उलटे करून सगळ्यांना दाखवले.

तिचा तो खडा माळावरच कुठंतरी आहे. तो माझ्या खात्यावर. मी एक खडा उचलला, तिच्या नावाचा नाही, माझ्या स्वतःच्या चुकीचा म्हणून, आणि ढिगावर टाकला. मला देवाधर्माचं फार नाही. तरी हात जोडले गेले. देवीला की पोरांना, ते सांगता येणार नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

हजेरी घेताना शिवांजली स्वतः "हजर" म्हणाली. हळू, पण स्वतः. मी पुढचा नंबर घेतला, जणू काही झालंच नाही. चैतालीनं तसंच बजावलं होतं.

नंतर युवराजचा नंबर आला तर शिवांजलीच पुन्हा म्हणाली, "हजर." युवराज तिच्या शेजारी बसला होता, खाली मान घालून. मला काहीच माहीत नव्हतं. मधल्या सुट्टीत कळलं, त्याच्या आईला शनिवारपासून लातूरला ॲडमिट केलंय. यात्रेत पोरगा दिवसभर दात काढत होता माझ्यासमोर. या पोरांना मात्र कळलं होतं.

चैतालीनं वही आणून दाखवली. नवं पान. वर आता खडा वगैरे काही नाही, नुसती नावं. पहिलं शिवांजलीचं. तिसरं महारुद्र सर.

मी म्हटलं, "मला काय करावं लागेल?"

"काय न्हाय सर. त्याच्या शेजारी बसायचं, जेवायचं त्याच्याबरूबर. रागवायचं न्हाय."

माझी पाळी परवा, गुरुवारी. डबा दोघांपुरता दे, असं दीपमालाला सांगितलंय. ती हसली नाही.